वाढत्या कंपनीतला इंजिनिअर



मुलगा किंवा मुलगी इंजिनिअर झाली, पुण्याला, बंगळूरला नाहीतर हैदराबादला एखाद्या झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीत लागली, की वस्तीत पेढे वाटले जातात. वाटलेच पाहिजेत. पण चार दिवसांनी कोणी विचारले की, "पोरगी तिथे करते काय?" तर आईबापांना सांगता येत नाही. "कॉम्प्युटरवर बसते," एवढेच उत्तर मिळते. बापाने गोदीत, रेल्वेत, महापालिकेत नाहीतर गिरणीत आयुष्य काढलेले. त्याच्या हाताला गोणी लागत होती, रूळ लागत होता, सूत लागत होते. मुलीच्या कामात हाताला लागेल असे काहीच नाही. मग ती दमून आली की "खुर्चीत बसून दमायला काय होते?" असा सवाल होतो आणि घरात नाहक तोंडातोंडी होते.

दुसरी गोष्ट पैशाची. पत्रात अठरा लाख लिहिले आहेत म्हणून बाप फ्लॅट बघायला निघतो, आणि महिनाअखेर बँकेत वेगळाच आकडा दिसतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, पेशाने कारकून. यंत्रातले आम्हांला फार कळते असे नाही. पण जमाखर्च कळतो. गेली काही वर्षे वस्तीतली मुले नोकरीचे पत्र घेऊन "काका, एवढे वाचून द्या" म्हणून येतात. ती पत्रे वाचताना आणि त्या मुलांना खोदून खोदून विचारताना जे उमगले ते या वेळच्या सदरात सांगत आहोत.

आधी काम. उदाहरणादाखल फ्लिपकार्ट ही कंपनी घेऊ, कारण तिचे नाव घरोघरी ठाऊक आहे. २००७ साली सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल या दोघांनी ती बंगळूरला काढली. आडनाव एक असले तरी दोघे नातलग नव्हेत. दोघेही दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले, दोघेही आधी अ‍ॅमेझॉनच्या नोकरीत होते. सुरुवातीला ते फक्त पुस्तके विकत. पहिली मागणी महबूबनगरच्या एका ग्राहकाकडून आली. ते गाव तेव्हा आंध्रात होते, आता तेलंगणात आहे. पुढे २०१० मध्ये माल हातात पडल्यावर पैसे देण्याची सोय त्यांनी केली. ज्याच्याजवळ बँकेचे कार्ड नाही असा माणूसही त्यामुळे गिऱ्हाईक झाला, आणि धंदा फोफावला.

मग ६ ऑक्टोबर २०१४ चा दिवस उजाडला. कंपनीने त्या दिवशी 'बिग बिलियन डे' नावाचा मोठा सेल लावला. तारीख सहा-दहा का, तर ज्या सदनिकेत कंपनी सुरू झाली तिचा क्रमांक ६१० होता. तयारी कमी नव्हती. कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे सुमारे ५,००० सर्व्हर म्हणजे मोठे संगणक लावले होते आणि नेहमीच्या वीसपट गर्दीचा अंदाज धरला होता. गर्दी त्याहून जास्त आली. पान उघडेना, उघडले तर पैसे भरले जाईनात, घेतलेल्या मागण्या रद्द झाल्या, किमतींवरून लोक संतापले. दहा तासांत ६०० कोटी रुपयांची विक्री झाल्याचे कंपनीने सांगितले खरे. पण दुसऱ्याच दिवशी दोघा मालकांना ग्राहकांना पत्र पाठवून माफी मागावी लागली.

असे का होते? बंधूंनो, हे समजायला संगणक यावा लागत नाही. रेशन दुकानाची आठवण करा. रॉकेलसाठी रांग लागली आहे. गर्दी वाढली म्हणून दुकानदाराने एका खिडकीच्या वीस खिडक्या केल्या, वीस माणसे बसवली. पण किती डबे शिल्लक आहेत हे लिहिण्याची वही एकच! वीसही माणसे प्रत्येक डब्याला त्या एका वहीकडे धावणार. खिडक्या रिकाम्या आणि वहीपाशी चेंगराचेंगरी. आता डोके चालवून प्रत्येकाला वेगळी वही दिली, तर शेवटचा एकच डबा दोन खिडक्यांवरून दोघांना विकला जाणार आणि मग एकाला "तुमची मागणी रद्द" म्हणून सांगावे लागणार. वाढत्या कंपनीतला इंजिनिअर जे काम करतो त्यातला मोठा भाग हाच आहे. खिडक्याही वाढवायच्या, वहीही चुकू द्यायची नाही, आणि हे सर्व दुकान एक मिनिटही बंद न ठेवता करायचे. हजार माणसांसाठी लिहिलेला कारभार लाख माणसांना पुरत नाही, लाखांसाठीचा कोटींना पुरत नाही. म्हणून तेच काम मोडून पुन्हा बांधायचे. धावत्या लोकलची चाके बदलण्यासारखा हा प्रकार आहे.

रोजचा दिवस कसा जातो तेही ऐका. सकाळी दहा-पंधरा मिनिटांची बैठक होते. काल काय केले, आज काय करणार, कुठे अडले, हे प्रत्येकाने सांगायचे. मग नेमून दिलेले काम. संगणकाला सूचना लिहायच्या, त्यालाच ही मुले कोड म्हणतात. लिहिलेला कोड लगेच चालू होत नाही. दुसरा इंजिनिअर तो ओळीओळीने तपासतो आणि शेरे मारतो. आमच्या कचेरीत एकाने व्हाउचर करायचे आणि दुसऱ्याने तपासून सही करायची, तोच हा नियम. नव्या मुलांना हे शेरे फार लागतात. वर्गात सदैव पहिला आलेला मुलगा, त्याच्या वीस ओळींवर पंधरा शेरे येतात. त्याने ते अपमान म्हणून घेतले तर तो खचतो. काम म्हणून घेतले तर वर्षभरात तयार होतो. त्यानंतर चाचणी, त्यानंतर थोड्या गिऱ्हाइकांवर प्रयोग, आणि मग सर्वांसाठी खुले.

आणि रात्र? ही गोष्ट माताभगिनींनी मुद्दाम लक्षात घ्यावी. अशा बऱ्याच कंपन्यांत इंजिनिअरांना आळीपाळीने 'ऑन-कॉल' राहावे लागते. म्हणजे त्या आठवड्यात रात्री दोन वाजता जरी यंत्रणा बिघडली तरी फोन त्याचा वाजणार, आणि काही मिनिटांत लॅपटॉप उघडून त्याला काम सुरू करावे लागणार. गिरणीत तिसरी पाळी होती, पण भोंगा झाला की कामगार सुटत असे. इथे भोंगाच नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपलेली, लहान भावाची परीक्षा, आणि मुलगी मोरीपाशी लॅपटॉप घेऊन दबक्या आवाजात बोलते आहे, हे चित्र आम्ही पाहिलेले आहे. तिला त्या आठवड्यात चहा करायला, पाहुण्यांना सामोरे जायला उठवू नये. ती "बसलेली" नसते, पाळीवर असते.

सणासुदीचे सेल हे दसरा-दिवाळीच्या सुमाराला येतात. फ्लिपकार्टचा २०१५ चा सेल १३ ते १७ ऑक्टोबर असा पाच दिवस होता. धम्मचक्र प्रवर्तनाची १४ तारीख नेमकी त्यात सापडली. अशा आठवड्यात संबंधित इंजिनिअरांना रजा मिळणे कठीण असते. पोरगा दीक्षाभूमीला आला नाही म्हणजे लगेच "मोठा साहेब झाला, समाजाला विसरला" असे बोलू नये. विसरणारे असतातच, त्यांना वर्षाचे उरलेले ३६४ दिवसही मोकळे असतात!

इतके सगळे सोसून मुले तिथे का राहतात? नुसत्या पैशासाठी नव्हे. वाढत्या कंपनीत चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलीच्या हाती जे काम येते ते जुन्या कचेरीत पंधरा वर्षे घासल्यावरही येत नाही. माणसे कमी, काम उदंड, त्यामुळे "तुला येते का?" एवढेच विचारून काम सोपवतात. दोन वर्षांपूर्वी लागलेला तिथे जुना-जाणता ठरतो. आम्ही स्वतः ज्या कचेरीत आहोत तिथे एका बढतीला बारा वर्षे वाट पाहिली. तेव्हा या मुलांचा हेवा वाटतो हे लपवत नाही. पण याच वाढीची दुसरी बाजू अशी की सहा महिन्यांत साहेब बदलतो, ज्याने तुमचे काम पाहिले तो निघून जातो, आणि बढतीच्या वेळी तुमच्या बाजूने बोलायला कोणी उरत नाही. म्हणून मुलांना आमचे सांगणे असते की केलेल्या कामाची तारीखवार नोंद स्वतः ठेवा. कोणता बिघाड काढला, किती वेळ वाचवला, कोणाला शिकवले. साहेब गेला तरी कागद राहतो.

आता हिशोबाकडे येऊ. पत्रात वार्षिक १८ लाख लिहिलेले असतात. त्याला सीटीसी म्हणतात, म्हणजे कंपनीला त्या माणसामागे पडणारा एकूण खर्च. तो पगार नव्हे! एक नमुना मांडतो. त्या १८ लाखांत ठरलेला पगार १२ लाख. कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस दीड लाख. तो पूर्ण मिळेल, अर्धा मिळेल, न मिळेल. रुजू होतानाचा बोनस ५० हजार. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर तो परत करण्याची अट बहुधा खालच्या ओळीत असते. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटीची तरतूद मिळून सुमारे १ लाख. यांतली ग्रॅच्युइटी कायम नोकराला साधारणपणे सलग ५ वर्षे सेवा झाल्यावरच हाती येते, आणि ही मुले तर दोन-अडीच वर्षांत कंपनी बदलतात. राहिले ३ लाख, ते शेअरचे, त्याबद्दल पुढे. म्हणजे बाप १८ लाखांना बाराने भागून महिना दीड लाख धरतो, आणि प्रत्यक्षात १ लाखातून मुलीचा स्वतःचा निधीचा हिस्सा, व्यवसाय कर आणि २०२५-२६ च्या नव्या पद्धतीचा आयकर कापून हाती ८६-८७ हजार येतात. हीसुद्धा आपल्या घरांच्या दृष्टीने मोठी रक्कम आहे. पण हप्ता दीड लाखाच्या भरवशावर बांधला तर घर बुडते.

शेअरचा प्रकार असा. कंपनी म्हणते, आज ठरलेल्या भावाने आमचे इतके शेअर घेण्याचा हक्क तुम्हांला देतो. पण हा हक्क एकदम मिळत नाही. बहुतेक ठिकाणी चार वर्षांत तुकड्यातुकड्याने मिळतो. पहिला तुकडा मिळायला किमान १ वर्ष गेलेच पाहिजे, असा आपल्याकडे कंपनी कायद्याखालचा नियमच आहे. अकराव्या महिन्यात नोकरी सोडली तर शून्य. पुढे तो हक्क वापरून शेअर घेताना ठरलेली रक्कम खिशातून भरावी लागते. शिवाय त्या दिवशीची किंमत आणि भरलेली रक्कम यांतला फरक पगार समजून त्यावर आयकर लागतो. पात्र स्टार्ट-अपच्या नोकरांना तो कर काही काळ पुढे ढकलण्याची सवलत आहे, एवढेच. शेअर विकला नसला तरी कर आहेच! आणि कंपनी शेअरबाजारात नोंदलेली नसेल तर विकायचा कुणाला?

हे सगळे खोटे असते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या वॉलमार्टने फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरला घेतला, तेव्हा शेअरचे हक्क असलेल्या कित्येक नोकरांच्या हाती खरा पैसा आला. त्याच्याही आधी, १९९३ मध्ये इन्फोसिसचा शेअर ९५ रुपयांना बाजारात आला होता. तो ज्यांनी सांभाळला त्यांचे काय झाले हे जगजाहीर आहे. पण याच बंगळूरच्या बायजूज कंपनीची किंमत २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर सांगितली जात होती, आणि जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. त्याआधीच पगार रखडले होते, हजारो माणसे कमी झाली होती. तिथल्या शेअरचे कागद घरात जपून ठेवणाऱ्याने काय करायचे? म्हणून जमाखर्चाच्या वहीत आम्ही ते ३ लाख जमेला धरत नाही. मिळाले तर लॉटरी, न मिळाले तर घर चालले पाहिजे.

नेमणुकीचे पत्र हाती आले म्हणजे नोकरी लागली, असेही नाही. २०१६ साली फ्लिपकार्टनेच अहमदाबादच्या आयआयएमसह काही नामांकित संस्थांतून निवडलेल्या मुलांची रुजू होण्याची तारीख जूनवरून डिसेंबरवर ढकलली आणि रुजू झाल्यावर दीड लाख रुपये देऊ म्हणून सांगितले. ज्याच्या घरी आधार आहे त्याचे सहा महिने निघतात. ज्याच्या बापाने शैक्षणिक कर्जाला सही केली आहे त्याचे कसे निघावेत? पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये फेसबुकवाल्या मेटा कंपनीने ११,००० आणि जानेवारी २०२३ मध्ये गुगलने १२,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले. काहींना तर संगणक उघडेना तेव्हाच नोकरी गेल्याचे कळले. ती माणसे आळशी नव्हती. वाढ अशीच चालेल असे धरून कंपन्यांनी कोरोनाच्या काळात भरती केली होती. हिशोब मालकांचा चुकला, नोकरी इंजिनिअरची गेली. तेव्हा पहिल्या वर्षी गाडी नको, टीव्ही नको. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत गृहकर्जाचे नावही काढू नये, आणि घरात दुसरा कमावता असेल तर "आता ताई कमावते" म्हणून त्याने नोकरी सोडू नये.

एका गोष्टीकडे कार्यकर्त्यांचे लक्ष वेधायचे आहे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, तिथे विटाळ आडवा येई. आणि ते खाते होते जास्त पगाराचे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला होता. आजच्या कंपनीत कोडला कोणाचा विटाळ होत नाही. पण खासगी कंपनीत आरक्षण नाही, आणि दरवाजा बऱ्याचदा ओळखीने उघडतो. आत असलेल्याने आपल्या ओळखीच्या मुलाचे नाव सुचवायचे, ही तिथली राजरोस पद्धत आहे. तिला रेफरल म्हणतात, आणि माणूस घेतला गेला तर सुचवणाऱ्याला बक्षीसही मिळते. ज्यांच्या घरात, इमारतीत, कॉलेजात दहा इंजिनिअर आधीपासून आहेत त्यांच्या मुलांना हे नाव सहज मिळते. आपल्या मुलाला ते द्यायला कोण आहे?

आत गेल्यावरही सगळे सपाट असते असे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्य सरकारने जून २०२० मध्ये सिस्को या कंपनीविरुद्ध जातीवरून भेदभाव केल्याची फिर्याद दाखल केली. फिर्याद एका दलित इंजिनिअरच्या बाजूने होती. कंपनीने आरोप नाकारले, आणि दोन अधिकाऱ्यांवरील वैयक्तिक फिर्याद सरकारने २०२३ मध्ये मागे घेतली. हा वाद कोर्टाचा. पण समुद्रापार, एवढ्या शिकलेल्या लोकांत तो उभा राहिला, हे आपल्या मुलांनी जाणून असावे. कोणी सहज म्हणून आडनाव, गाव, प्रवेशाचा क्रमांक विचारू लागला तर सांगायचे की नाही हे मुलाने स्वतः ठरवावे. घरच्यांनी त्याला "सांगच" म्हणू नये आणि "लपव" असेही म्हणू नये. नोकरी त्याची आहे, रोज तिथे त्याला बसायचे आहे.

जी मुले आत गेली आहेत त्यांच्याकडे मात्र आमचे हक्काचे मागणे आहे. वर्षातून दोन नावे सुचवा. पैसे नकोत, वर्गणी नको. वस्तीतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलाला तासभर समोर बसवून मुलाखतीत विचारतात तसे प्रश्न विचारा. या मुलाखतीत गणिती कोडी घालतात आणि उत्तराआधी विचार मोठ्याने बोलून दाखवायला सांगतात. आपली मुले उत्तर काढतात, पण गप्प बसून काढतात, आणि तिथेच मार खातात. ही सवय पुस्तकातून लागत नाही, समोर कोणी बसले तरच लागते.

नोकरीचे पत्र दाखवायला येणाऱ्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात यावे. येताना पत्राचे पहिले पान तेवढे आणतात, तसे करू नये. मागची जोडपत्रेही आणावीत. बोनस परत करण्याची अट, नोटिशीचे दिवस आणि शेअरचा वर्षवार तक्ता ही तिथेच छापलेली असतात. सहीची मुदत संपण्याच्या आदल्या रात्री येऊ नये. चार दिवस हाताशी ठेवून यावे, म्हणजे कंपनीला काही विचारायचे राहिले असेल तर विचारता येते.